तीन दिवस आधीची भूक

पाहुण्यांचे मोजे तपासणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सकाळी नऊ वाजता योकोहामातल्या हॉटेलच्या लॉबीत पुण्याहून आलेले आमचे साहेब लोक ओळीनं उभे, आणि समोर हे गृहस्थ. हातात मिटलेली पारदर्शक छत्री, तिच्या टोकाला नारिंगी रुमाल बांधलेला. "बूट काढा," ते म्हणायचे. "मोजे बघू."

कारण असं की संध्याकाळी जिथे जेवायला न्यायचं तिथे चटयांवर बसायचं, म्हणजे बूट दारात. आणि त्यांचं म्हणणं, "आपला माणूस सूट शिवताना दहा शिंपी फिरतो. मोज्याला भोक पडलं की म्हणतो, बुटात आहे, कोण बघतंय!" एकदा कंपनीच्या एका व्हाइस प्रेसिडेंटचा डावा अंगठा मोज्यातून बाहेर आलेला निघाला. गृहस्थांनी खांद्यावरच्या पिशवीतून नवी जोडी काढली, साहेबांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "घाला. तोवर आम्ही तिकडे बघतो." आणि आम्हा सगळ्यांना खरोखरच भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. ऑफिसातल्या जपानी मंडळींना ते आडनाव वाटलं, म्हणून ती त्यांना काका-सान म्हणत, आणि काकांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. मूळचे मिरजेचे. जपानात वीसेक वर्षं काढलेली. बायको मिरजेला मुख्याध्यापिका, शाळा सोडायला तयार नाही. मुलगी बंगळुरात, फोन उचलायला तयार नाही. कंपनीत त्यांच्या पदाच्या नावात 'समन्वय' हा शब्द होता. कशाचा कशाशी समन्वय, हे विचारायची हिंमत कुणी केली नाही. प्रत्यक्षात काम एकच. पुण्याहून कुणी आलं की त्याला खायला काय घालायचं, कुठे फिरवायचं आणि घरून आलेली यादी कुठल्या दुकानात पुरी करायची, हे सगळं काकांच्या गळ्यात. गळ्यात कसलं, ते त्यांनी आपल्या हातानं घालून घेतलं होतं आणि कुणी काढू म्हटलं असतं तर ते चावले असते.

पाहुणा विमानात बसायच्या आधी त्याला काकांची ईमेल यायची. सोबत तीन पानांचा कागद: 'योकोहामा: खाणे, खरेदी व रात्रजीवन. आवृत्ती सतरावी.' आम्ही सॉफ्टवेअरवाले असून आमच्या आवृत्त्या इतक्या शिस्तीत निघत नसत. आवृत्ती सोळा आणि सतरा यांत फरक काय, असं मी एकदा चेष्टेनं विचारलं. काका गंभीरपणे म्हणाले, "स्टेशनच्या पश्चिम दारातली भाजलेली रताळी विकणारी बाई आता मंगळवारी येत नाही. सोळावी वाचून गेलास तर उपाशी राहशील."

योकोहामा हे समुद्रकाठचं शहर. माणूस तिथे येतो तो साहजिकच समुद्र बघायला मागतो. पण काकांच्या कागदात समुद्र तिसऱ्या पानावर, तळाला होता. "समुद्र कुठे पळून जात नाही. सेल पळून जातो." पाहुणे बंदराच्या दिशेनं माना वळवायला लागले की छत्री हवेत जायची आणि सगळे निमूटपणे मागे. एका बाईंनी विमानतळावर निघताना मला विचारलं होतं, "इथे समुद्र होता ना हो?"

खरेदीचे त्यांचे नियम होते. शंभर येनच्या दुकानात चाळीस मिनिटं, एकेचाळिसावं नाही. औषधांच्या दुकानात वीस. नेलकटर कुटुंबागणिक तीन, पाठीला चिकटवायच्या पट्ट्या पाठीगणिक एक पाकीट, छत्री एकच. "छत्र्या सात घेऊन जाता आणि पुण्याला रिक्षात विसरता." दुकानाच्या दारात ते हातावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहायचे. आत आमच्या बायकामंडळींची जी काय धावपळ उडायची, ती बघून दुकानातल्या मुली घाबरून जादा टोपल्या आणून ठेवायच्या. एका साहेबांच्या पत्नीनं जावांना द्यायला म्हणून स्टीलचे अकरा डबे घेतले. काय फिनिश, काय झाकण, भारतात असली वस्तू मिळणारच नाही म्हणाल्या. काकांनी त्यांना बिल करू दिलं, डबे बांधू दिले, बॅगेत भरू दिले. मग विमानतळावर, निरोपाचा नमस्कार करता करता, एक डबा उलटा करून बुडाचं लेबल दाखवलं. डबा चेन्नईजवळ बनलेला होता.

"आधी का नाही सांगितलंत?" बाईंचे डोळे भरले होते.

"खरेदीचा आनंद मोडू नये," काका म्हणाले. "खरेदीचा आठवा नियम आहे तो. कागदात लिहिलंय."

आणि रात्रजीवन! ह्या मथळ्यावर नजर गेली की पुण्याचे भले भले गृहस्थ गालात हसायचे. बायका दुकानात शिरल्या की एखादा साहेब काकांच्या कानाशी लागून, आवाज खाली आणून विचारायचा, "काका, ते तिसऱ्या पानावरचं... नाइट लाइफ..." काका तेवढ्याच खालच्या आवाजात म्हणायचे, "साडेसातला तयार राहा. पुरुषच." साडेसातला ते चार-पाच पुरुषांना घेऊन बंदरावर जायचे आणि आकाशपाळण्याचे दिवे दाखवायचे. रंग कसे बदलतात ते मोजून दाखवायचे. तिथून मंडळी कराओकेच्या खोलीत. सहा बाय आठची खोली, दार बंद, मंद लाल दिवा, साहेबांच्या छातीत धडधड. आणि काका माईक हातात घेऊन, यंत्र बंद करून, डोळे मिटून नाट्यसंगीत सुरू करायचे. तानांसकट. यंत्रात मराठी गाणी नव्हती, त्यामुळे संगीताची साथ नाही. ती साहेबांनी खंजिरीवर करायची. दीड तास. ही खंजिरी वाजवून परत आलेला माणूस पुन्हा कधी नाइट लाइफ म्हणाला नाही.

मी त्यांची नक्कल फार चांगली करायचो. महिन्यातून एका रविवारी आम्ही निशी-कसाईला, टोकियोतल्या भारतीय वस्तीत, डाळी-मसाले आणायला जायचो. तिथे कुणाच्या तरी घरी पंधरावीस मराठी माणसं जमायची, आणि जेवणं झाली की फर्माईश यायची, "काका कर, काका!" मी टॉवेल छत्रीला बांधून उभा राहायचो. "मोजे बघू" म्हटलं की बायका डोळ्यांत पाणी येईतो हसायच्या. काका स्वतः निशी-कसाईला यायचे नाहीत. "तिकडेच जायचं तर जपानला कशाला यायचं?" असं म्हणायचे आणि कोथिंबीर मात्र माझ्याकडून मागवायचे. तीही देठासकट.

जेवणाच्या बाबतीत त्यांनी आपल्या समाजाचे चार वर्ग पाडले होते. घरचे म्हणजे पक्के शाकाहारी, दारचे म्हणजे दारापर्यंतचेच शाकाहारी, अंडं चालणारे, आणि बघितलं नाही तर चालणारे. लॉबीत मोजे झाले की प्रत्येकाला ते भर सभेत वर्ग विचारायचे. "साहेब, तुम्ही घरचे की दारचे?" माणूस बायकोकडे बघायचा आणि मग उत्तर द्यायचा. वार विचारायचे, चतुर्थी विचारायचे. भिंतीवरचं मराठी कॅलेंडर ते मिरजेहून दरवर्षी मागवत, ते पाहुण्यांच्या उपासांसाठीच. आणि भुकेबद्दल त्यांचं एक वाक्य होतं, ते मी नकलेच्या शेवटी म्हणायचो आणि टाळ्या घ्यायचो: "जपानात नीट जेवायचं तर माणसाला तीन दिवस आधी भूक लागायला हवी."

म्हणजे आधी सांगायचं. किती माणसं, किती वाजता, काय खात नाहीत. सांगितलं की तो शब्द. बदलायचा नाही. आपल्याकडे "बघू, जमलं तर येतो" म्हणतात ना, त्यावर काकांचा फार राग. "जमलं तर येणाऱ्या माणसासाठी कुणी भाजी चिरत नाही."

ह्या वाक्यामागे एक दुकान होतं. साकुरागिचो स्टेशनमागच्या गल्लीत, दोन दारूच्या गुत्त्यांच्या मधोमध, एक म्हातारं जोडपं ते चालवायचं. समोर सहा स्टुलं, मागे चटयांची एक खोली, बारा माणसं बसतील एवढी. म्हातारा स्वयंपाक करायचा आणि बोलायचा नाही. मालकीणबाई, सगळे तिला ओकामी-सान म्हणायचे, दोघांच्या वाटचं बोलायची. काका पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा त्यांनी माशाशिवायचं सूप मागितलं. आता जपानात पाण्यानंतर पातेल्यात पडते ती वाळवून किसलेली मासळीच. भाज्यांच्या सूपलाही तिचाच आधार. म्हातारा म्हणाला, मासळी काढली तर राहतं ते गरम पाणी.

"मग गरम पाणी द्या," काका म्हणाले. "त्यात मुळा टाका."

ते दर बुधवारी जायचे. स्टुलावर बसायचे. गरम पाण्यात उकडलेला मुळा मीठ लावून खायचे, वाटी दोन्ही हातांनी उचलून पाणीही प्यायचे आणि वाकून आभार मानायचे. एक वर्ष. आजूबाजूची गिऱ्हाइकं ह्या वेड्याकडे बघून बियर सांडायची. त्यांना बुधवारीच का जाता, असं विचारलं तर म्हणाले, "बाकीच्या दिवशी मला घरी जेवायला लागतं, नाहीतर मरेन." मग एका बुधवारी वाटी आली तिच्यातलं पाणी तपकिरी होतं. समुद्रातलं शेवाळ रात्रभर भिजवून आणि सुक्या अळंब्या उकळून म्हाताऱ्यानं काहीतरी केलं होतं. काकांनी एक घोट घेतला. ओकामी-सान सांगायची, काका-सान स्टुलावर बसल्या बसल्या रडायला लागला आणि आम्हाला वाटलं भाजलं. म्हाताऱ्यानं त्यानंतर एक वेगळं पातेलं आणलं, त्याला पांढरी पट्टी लावून तिच्यावर 'इंदो' लिहिलं, म्हणजे भारत, आणि त्यात पुन्हा कधी मासळी पडू दिली नाही. पुढे भरलेली भोपळी मिरची आली, तिळाचं टोफू आलं, कमळाच्या देठाची भजी आली. अख्ख्या योकोहामात घरच्या शाकाहारी माणसाला डोळे मिटून जेवता येईल अशी ही एवढी एकच खोली होती, आणि ती एका माणसानं वर्षभर मुळा खाऊन मिळवली होती. कागदात तिचा पत्ता नव्हता. तिथे फक्त काकांच्या शब्दावर जागा मिळायची.

माझ्या हातून ही खोली जवळजवळ गेली, ते आता सांगतो.

पुण्याहून बारा जणांचा जथा आला होता. मोठे साहेब, त्यांची पत्नी, आणि बाकी टीम, कुणी सपत्नीक. सगळे घरचे शाकाहारी. काकांनी गुरुवारी सहाची वेळ ठरवली होती. दुकान त्या दिवशी इतरांना बंद. त्या दुपारी काका मला म्हणाले, "मी पुढे जाऊन थांबतो. म्हातारा बारा माणसं म्हटलं की घाबरतो. तू मॉलमधून सगळ्यांना साडेपाचला काढ. कुणाचं काही राहिलं तर राहू दे. साडेपाच." आणि छत्री माझ्या हातात दिली. ही छत्री दुसऱ्याच्या हातात गेलेली मी तोवर पाहिली नव्हती. मी ती कोपऱ्यावर वळलो तशी बॅगेत कोंबली. नक्कल करायला ठीक होती, भर रस्त्यात कोण धरणार?

सव्वापाचला मोठ्या साहेबांच्या पत्नीला मॉलच्या सातव्या मजल्यावर एक भारतीय हॉटेल दिसलं. बुफे. बाहेर नानचा वास येत होता. चार दिवस भात आणि टोफू खाल्लेली बारा माणसं त्या वासासमोर जागच्या जागी थांबली.

"थोडंसं चाखू या का?" साहेब म्हणाले. "तुमच्या काकांचं ते उकडलेलं आहेच नंतर. काय रे, चालेल ना?"

हे त्यांनी मला विचारलं. माझं इथलं पोस्टिंग आणखी दोन वर्षं वाढवायचं की नाही, ते त्यांच्या सहीवर होतं. मला साडेपाच म्हणायचं होतं. चार अक्षरांचा नकार होता. मी म्हणालो, "चालेल की सर. मी काकांना सांगतो अर्धा तास उशीर."

काकांनी फोन उचलला. पाठीमागे भांड्यांचा आवाज येत होता. मी अर्धा तास म्हणालो. ते म्हणाले, "बरं. साडेसहा. पण आण."

थोडंसं चाखणं म्हणजे काय, ते मराठी वाचकाला सांगायला नको. पनीर आलं, पुन्हा पनीर आलं, गुलाबजाम आले. सात वाजता साहेबांनी पँटचं बटण सैल केलं आणि म्हणाले, आता कुठे जायचं नाव नको. पत्नीचे पाय दुखत होते. कुणाला बॅगा भरायच्या होत्या. "काकांना सांग, पुढच्या वेळी नक्की. ते काय, घरचेच आहेत." मी हसलो. त्यांच्यासाठी टॅक्स्या मी थांबवल्या. दारं मी उघडली. फोन करायचं धाडस मात्र होईना, म्हणून चालत गेलो.

खोलीत बारा बैठका मांडल्या होत्या. प्रत्येक बैठकीसमोर चॉपस्टिक्सचा कागद आणि कागदावर, ब्रशनं, त्या त्या पाहुण्याचं नाव. ओकामी-सानला नावं उच्चारता येईनात म्हणून तिनं काकांना आठवडाभर रोज फोन करून ती विचारून घेतली होती. वाट्यांवर झाकणं. शेवटच्या बैठकीवर काका एकटेच बसून जेवत होते. तिथली वाटी रिकामी होती आणि ते शेजारच्या वाटीला लागले होते.

माझ्यामागे कुणी नाही, हे त्यांनी दारातच बघितलं. "जेवून आलायस?"

मी मान हलवली.

"तरी बस."

आम्ही दोघं जेवलो. मी पनीर आणि नानवर भरलेल्या मिरच्या ढकलत होतो, गिळत होतो, घाम पुसत होतो. काका न थांबता जेवत होते, एक संपली की पुढच्या नावाची. मला वाटतं, पाच जणांचं त्यांनी संपवलं. पन्नाशी उलटलेला, मधुमेह असलेला माणूस. समोर म्हातारा 'इंदो'चं पातेलं घासत होता. आमच्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. पैशांचा विषय निघालाच नाही, निघाला असता तर बरं वाटलं असतं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "काका, साहेबच..."

"उद्या सकाळी दहाला सूट घालून ये," ते म्हणाले. "बोलायचं नाही. मी वाकलो की वाकायचं."

सकाळी दुकान बंद होतं, मागच्या दारानं गेलो. काकांनी काळा सूट घातला होता, हातात कापडात बांधलेला मिठाईचा खोका. काकांचं जपानी कसं होतं म्हणून सांगू? वीस वर्षं राहून व्याकरण मिरजेचंच. पण त्या दिवशीचं प्रत्येक वाक्य मला समजलं. मी जपानीची परीक्षा पास झालेला आहे. ते म्हणाले, चूक माझी आहे. पाहुण्यांना मी तारीख चुकीची सांगितली. त्यांना शुक्रवार सांगितला आणि तुम्हाला गुरुवार, आणि आज पुन्हा बारा माणसांचा त्रास तुम्हाला देणार नाही. वय झालं, घोळ होतो. ह्याला संध्याकाळी कळलं तेव्हा हा बिचारा धावत सांगायला आला. चांगला मुलगा आहे. आणि ते वाकले. मग मीही वाकलो.

बराच वेळ खाली बघत उभा होतो. म्हाताऱ्याच्या लाकडी सपाता दिसत होत्या. मग ओकामी-सान म्हणाली की तारखांचं कुणाचंही होतं, काका-सान, आम्हीही म्हातारे आहोत.

स्टेशनकडे येताना मला राहवलं नाही. "काका, खोटं का सांगितलंत? माझं नाव सांगायचं. नाहीतर साहेबांचं."

ते वैतागले. "अक्कल आहे का तुला? बारा माणसं ठरवून आली नाहीत म्हटलं, तर त्यांच्या लेखी आपली सगळी माणसं तशी. पातेलं फेकून देतील ते. एक म्हातारा तारीख विसरला म्हटलं, तर एकटा म्हातारा जातो. पुढच्या महिन्यात सहा जण येतायत. त्यांना कुठे नेऊ, मॉलमध्ये?"

झालं तसंच, एकटा म्हातारा गेला, म्हणजे काका. आमच्या क्लायंटचे दोन जपानी अधिकारी त्या दुकानात जायचे, त्यामुळे गोष्ट ऑफिसात पोचायची ती पोचली. काकांनी तिथेही तेच सांगितलं, कारण दोन जागी दोन गोष्टी चालल्या नसत्या. मोठ्या साहेबांना हा सुटकेचा मार्ग लगेच आवडला. बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "हो, आम्हाला शुक्रवारच सांगितला होता. काकांचं हल्ली जरा होतंय असं." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. माझ्याकडे बघायची गरजच नव्हती. पंधरा दिवसांनी माझ्या दोन वर्षांच्या कागदावर सही झाली आणि त्याच ईमेलमध्ये होतं की पाहुण्यांची व्यवस्था यापुढे कुणा तरुण माणसाकडे द्यावी. तरुण माणूस म्हणजे मी.

काका माझ्या टेबलाशी आले आणि पेनड्राइव्ह ठेवून गेले. "सतरावी आहे. अठरावी तू काढ." पुढच्या मार्चमध्ये त्यांची पुण्याला बदली झाली. समन्वय तिथेही असतो म्हणे. ते गेले तेव्हा विमानतळावर आम्ही चौघे होतो. मोठ्यांदा हसले, माझ्या पायांकडे बघितलं आणि आत गेले. फोनवर कधीतरी बोलणं होतं. मिरजेला जाऊन येऊन असतात. दुकानाची चौकशी ते पहिल्या मिनिटात करतात, माझी शेवटच्या.

मला लाज वाटते. ती मी कुणाला सांगितली नाही, बायकोलाही. निशी-कसाईला अजून फर्माईश होते आणि मी टाळतो. घसा बसलाय म्हणतो. लोकांना वाटतं, पाहुण्यांचं काम हातात आल्यापासून ह्याला शिंगं फुटली.

परवा पुण्याहून आठ जण आले होते. तीन दिवस आधी मी दुकानात फोन केला, किती माणसं, किती वाजता, काय खात नाहीत. पावणेसहाला सगळ्यांना खोलीत बसवलं. ओकामी-सान आता कमरेत वाकली आहे, तरी वाट्या स्वतः आणते. सूप पिऊन मंडळी खूश झाली. त्यांतला एक नवा मॅनेजर, मोठ्या साहेबांच्या हाताखालचा, पाय पसरून मला म्हणाला, "तुमच्याआधी कुणी एक काका होते ना इथे? तारखा विसरायचे? म्हणे एकदा बारा जणांना भलत्याच दिवशी बोलावलं होतं!"

सगळे हसले. आता डाव माझ्या हातात होता. हा क्षण कधीतरी येणार, हे मला ठाऊक होतं, आणि आल्यावर मी काय म्हणेन ते मी मनात शंभरदा म्हणून बघितलं होतं.

"हो," मी म्हणालो. "वय झालं होतं त्यांचं."

ओकामी-सान वाट्या उचलत होती. सगळ्या बोलण्यातला तिला कळणारा शब्द एकच होता. तिचा चेहरा फुलला. ती माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि हळूच विचारलं, काका-सानबद्दल काय म्हणतायत?

"आठवण काढतायत," मी जपानीत सांगितलं.

तिनं हात पुसले, चटईवर टेकवले, आणि आठही जणांना, एकेकाकडे वळून, कपाळ जमिनीला लागेल इतकं वाकून नमस्कार केला.